निळ्या पाण्यातला थेंब

अकोटच्या बसस्टँडमागच्या मंगल कार्यालयात लग्न नसलं की दुसरं काहीतरी असायचंच. मे महिन्यातल्या त्या रविवारी तिथं रक्तदान शिबिर होतं. भाजी-फुलांच्या व्यापाऱ्यांच्या मंडळानं ते भरवलं होतं आणि रक्त घ्यायला अकोल्याहून रक्तपेढीची गाडी आली होती. संध्यानं सकाळी तोडलेला मोगरा गुजरी बाजारात उतरवला, रिकामी टोपली ओळखीच्या दुकानात ठेवली आणि पदरानं तोंड पुसत ती कार्यालयात शिरली. घरी तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

दाराजवळच्या टेबलामागं पांढरा कोट घातलेली एक मुलगी बसली होती. कोटावर दामिनी असं नाव होतं. तिच्यासमोर काचेच्या छोट्या भांड्यात निळंभोर पाणी होतं आणि बाजूला मोठा कूलर घुंघुं करत होता. दामिनीनं संध्याचं बोट स्पिरिटनं पुसलं, सुई टोचली, बारीक नळीत रक्त घेतलं आणि त्यातला एक थेंब वरून निळ्या पाण्यात सोडला. थेंब पाण्यात विरघळला नाही. गुंजेसारखा गोल राहिला, जरासा खाली गेला, थांबला आणि मग हळूहळू वर येऊन तरंगायला लागला.

रक्त कमी आहे, आज घेता येणार नाही, असं दामिनीनं सांगितलं. पालेभाज्या खात जा, असंही म्हणाली. मागं माणसं उभी होती, तिनं पुढच्याला हाक मारली.

संध्या बाजूला झाली. पालक, मेथी आणि आंबटचुक्याच्या जुड्या बांधण्यात तिची वीस-बावीस वर्षं गेली होती. हे त्या मुलीला सांगावंसं वाटलं, पण सांगून काय होणार, म्हणून ती टोपली घेऊन बसमध्ये बसली.

याआधीही दोनदा तिला असंच परत पाठवलं होतं. तरी शिबिराचा बोर्ड दिसला की तिला जावंसं वाटायचं, त्याला कारण होतं. लेकीच्या, आचलच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी, अंजनगावकडे गेली होती. पोरगी झाली आणि रक्त थांबेना. बापानं जीपमध्ये घालून तिला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं तिला कुणा अनोळखी माणसांचं रक्त चढवलं, म्हणून ती वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं बापाला विचारलं होतं, कोणाचं रक्त होतं. बाप म्हणाला, ते सांगत नसतात. आचल आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला जाणार होती, तरी संध्याच्या मनातून ते गेलं नव्हतं. एकदा तरी आपणही कुणासाठी तसं पडून राहावं, हात पुढं करावा, एवढंच तिला वाटायचं.

त्यांचं घर गावाबाहेर मळ्यातच होतं, अकोट-अकोला रस्त्याला लागून. घरात नवरा सहदेव, धाकटा दीर श्याम, सासू गंगूबाई, आचल आणि ती. मळ्यात भाजी, फुलं आणि बांधावर संत्र्याची काही झाडं. ती घरी पोचली तेव्हा सगळ्यांची जेवणं आटोपली होती. तिनं भाकरीच्या टोपल्यात उरलेली अर्धी भाकर तिखटाबरोबर खाल्ली, वर चहा प्याली आणि भांडी घासायला घेतली.

दुपार उतरताना सहदेव अंगणात बसून झाडांच्या खोडांना लावायचा लेप कालवत होता. पावसाळ्याआधी संत्र्याच्या खोडाला मोरचूद आणि चुन्याचा लेप देतात, म्हणजे बुरशी लागून डिंक गळत नाही. प्लास्टिकच्या बादलीत मोरचुदाचे निळे खडे रात्रीपासून भिजत घातले होते आणि दुसऱ्या बादलीत चुना निवला होता. लोखंडाच्या भांड्यात हे काम करत नसतात, मोरचूद लोखंडाला खातो. सहदेवनं दोन्ही पाणी एकत्र ओतलं आणि विळ्याचं पातं त्यात बुडवून धरलं. बाहेर काढलं तर पात्यावर तांब्याचा लालसर थर आला होता. म्हणजे चुना कमी पडला होता. असंच लावलं असतं तर झाडाची साल भाजली असती.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. दामिनी होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, खांद्याला बॅग.

तिला पाहून संध्याला वाटलं, आपलं काहीतरी तिथं राहिलं असेल. दामिनीनं मात्र आधी पाणी मागितलं, ओट्यावर बसली आणि सरळ सांगून टाकलं की चूक तिची होती. सकाळपासून निळ्या पाण्याचं भांडं कूलरच्या वाऱ्यात उघडं राहिलं होतं. गर्दीत तिनं ते बदललं नाही. दुपारी कापसाच्या जिनिंगमधला एक दांडगा पोरगा आला. दरवेळी रक्त देणारा. त्याचाही थेंब तरंगला. तेव्हा पेढीत सोबत काम करणाऱ्या रोहितनं स्वतःचं बोट टोचून पाहिलं, तर त्याचाही तरंगला. मग तिच्या लक्षात आलं. नवं पाणी काढून, ज्यांना परत पाठवलं त्या सगळ्यांना तिनं फोन केले. संध्याचा नंबर लागत नव्हता. नोंदवहीत पत्ता होता आणि गाव जवळच होतं, म्हणून डॉक्टरांना विचारून, मंडळातल्या एकाची स्कूटी घेऊन ती स्वतः आली होती.

"पाणी उघडं राहिल्यानं काय होते?" संध्यानं विचारलं.

"त्यातलं पाणी उडून जाते ताई. उरलेलं जड होते."

संध्याला पटकन समजलं. लोणच्यासाठी मिठाचं पाणी पुरेसं घट्ट झालं का ते ती अंडं सोडून बघायची. मीठ कमी असलं की अंडं बुडतं, वाढलं की वर येतं.

"म्हंजे माहं रक्त बरोबर होतं. पाणी जड झालं होतं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की दामिनीनं नजर वळवली.

"असू शकते. पाहून घेऊ. चांगलं असलं तं माह्यासोबतच चाला. शिबिर संध्याकाळपर्यंत आहे."

आता सहदेवला समजलं की बायको सकाळी कुठं गेली होती. तो बादलीतला लेप ढवळत राहिला. दामिनीनं बॅगेतून बंद बाटली काढून स्वच्छ भांड्यात पाणी ओतलं, तेव्हा मात्र तो जवळ आला. त्यानं आपल्या बादलीकडं पाहिलं, मग भांड्याकडं.

"हे तं मोरचूद हाय," तो म्हणाला. "जहर हाय हे. रक्ताशी काहून मिसळता?"

दामिनी हसली. तिनं सांगितलं की हे पाणी अंगात जात नाही, फक्त थेंब पाण्यात जातो. पाणी ठरलेल्या वजनाचं बनवलेलं असतं. रक्तात लोह भरपूर असलं की थेंब त्याच्यापेक्षा जड असतो आणि खाली जातो. कमी असलं की हलका असतो, वर राहतो. थेंब पाण्यात पडताच मोरचूद त्याच्याभोवती पातळ कवच धरतो, म्हणून तो काही क्षण फुटत नाही आणि तेवढ्यात कळून येतं.

आचल पुस्तक घेऊन दारात बसली होती, ती उठून आली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं हेच खडे तापवले होते. तापवले की त्यातलं पाणी निघून जातं आणि ते पांढरी भुकटी होतात, त्यावर पाण्याचा थेंब टाकला की परत निळे. तिनं ते आईला सांगितलं. आईचं लक्ष नव्हतं. तिनं बोट आधीच पुढं केलं होतं.

थेंब पडला. खाली गेला. भांड्याच्या मध्यावर थांबला. संध्या वाकून पाहत होती. थेंब तिथं जरासा डोलला आणि वर आला.

दामिनीनं दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला. तोही वर आला.

"पाणी खराब होतं ना पण," संध्या म्हणाली.

"हे नवं आहे ताई. याच पाण्यात त्या जिनिंगवाल्या पोराचा थेंब टाकताबरोबर तळाले गेला." दामिनीचा आवाज खाली आला होता. "चूक पाण्याची होती. पण तुमचं रक्तबी खरंच कमी आहे."

संध्यानं कापूस बोटावर दाबून धरला. आपण उगाच हसलो, असं तिला वाटलं.

सहदेवला ते पटलं नाही. दिवसभर राबणारी बाई, कधी दवाखान्यात गेली नाही, तिचं रक्त कमी कसं? पाण्यातच अजून काही बिघाड असेल. त्यानं आपला हात पुढं केला. माझं पाहा, म्हणाला. दामिनीनं नवी सुई काढली. सहदेवचा थेंब दगडासारखा तळाला गेला. श्याम विहिरीकडून येत होता, त्यालाही गंमत वाटली, त्यानंही बोट दिलं. त्याचाही गेला.

गंगूबाई खाटेवर बसून हे सगळं पाहत होती. ती उठली, काठी भिंतीला टेकवली, बोट पुढं केलं आणि म्हणाली, "माहं बी पाय."

या वयात रक्त घेत नाहीत, हे दामिनीनं सांगून पाहिलं. म्हातारीनं ऐकलं नाही. घ्या म्हणून कोण सांगते, फक्त पाय, म्हणाली. तिचा थेंब जरा सावकाश गेला, पण तळाला टेकला. गंगूबाई खूश झाली. दोन्ही पोरांकडं तिनं अभिमानानं पाहिलं.

मग दामिनी आचलकडं वळली. आचलचा थेंब आईच्या थेंबापेक्षा जरा खोल गेला, पण तळाला टेकला नाही. वर येऊन निळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला लागूनच तरंगत राहिला.

भांड्याच्या तळाशी तीन थेंब होते, ते आता फुटून करड्या चिखलासारखे झाले होते.

दामिनीनं आचलच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग संध्याची. दोघींच्या आत पांढरट होतं. चक्कर येते का, तिनं आचलला विचारलं. आचल म्हणाली, जिना चढताना येते. घरी तिला सांगत होते की मोबाइल पाहून येते. मग दामिनी संध्याला घेऊन न्हाणीकडं गेली आणि हळू आवाजात पाळीचं विचारलं. संध्यानं सांगितलं की आठ-आठ दिवस जाते, पण सगळ्याच बायांचं असं असते. जेवणाचं विचारलं, तेव्हा संध्या म्हणाली, जेवतो ना, सगळ्यांचं झालं की जेवतो. काय उरते, असं दामिनीनं विचारलं. जे उरते ते. पालक असला तर पालक. तो आता मंडीत जातो. आणि जेवल्यावर लगेच चहा, त्याशिवाय काम होत नाही.

दामिनीनं तिथं भाषण केलं नाही. चिठ्ठीवर ग्रामीण रुग्णालयाचं नाव आणि आपला फोन नंबर लिहून दिला. उद्याच दोघींनी नीट तपासणी करून घ्या म्हणाली. भांडं झाकणानं बंद करायला लागली, तेव्हा सहदेव म्हणाला, पाणी झाडाले टाकून द्या, मोरचूदच तर आहे. ती म्हणाली, यात रक्त आहे, परत न्यावं लागते. बॅग खांद्याला अडकवून निघताना ती क्षणभर फाटकाशी थांबली.

"मी तुमाले द्यायसाठी न्याले आली होती ताई," ती म्हणाली. "पण द्यायचं तं आंधी आपल्याजवळ पायजे."

त्या संध्याकाळी सहदेवनं लेपात चुना वाढवला आणि अंधार पडेपर्यंत झाडं रंगवली. जेवायला बसल्यावर त्यानं मान वर न करता विचारलं, "तू जेवली का?" लग्नाला एवढी वर्षं झाली होती, त्यानं हे आधी विचारल्याचं संध्याला आठवत नव्हतं. ती नाही म्हणाली. पुढं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. त्यानं आणखी एक भाकर घेतली नाही, एवढंच.

पोरं उठून गेल्यावर गंगूबाई चुलीजवळ आली आणि संध्याच्या ताटात काय आहे ते तिनं पाहिलं.

"माह्या सासूनं बी मले असंच देल्लं," ती म्हणाली. "मी पांढरीफटक होतो. लोक म्हणत, गंगू गोरी हाय. सासू मेली तवा मी पयल्यांदा पोराईच्या पंगतीत बसलो. मंग तुले काहून बसवलं नाई, ते मलेच समजून नाई राहिलं."

संध्या म्हणाली, आत्याबाई, तुम्ही कधी नको म्हटलं नाही.

"हो म्हटलं का पण?" गंगूबाई म्हणाली आणि झोपायला गेली.

तपासणीत संध्याचं रक्त जवळजवळ अर्ध्यावर निघालं. आचलचं तिच्यापेक्षा बरं, तरी कमीच. गोळ्या मिळाल्या. संध्याला त्या सोसल्या नाहीत, पोट दुखलं, तिनं आठवडाभरात सोडून दिल्या. आचलनं दामिनीला फोन केला. दामिनी म्हणाली, रिकाम्या पोटी नको, जेवल्यावर घे, वर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळून पाणी घे. दुपारचा चहा सोडणं संध्याला सगळ्यात जड गेलं. आचल कपाच्या राखणीला बसायची. पालकाच्या जुड्या बांधताना गंगूबाई एक जुडी काढून स्वतः चुलीजवळ ठेवायची, आणि कधी विसरायची, आणि विसरली की दुसऱ्या दिवशी दोन ठेवायची.

पंगत एकदम बदलली नाही. सुरुवातीला संध्याच उठून जायची, तिला पुरुषांसमोर घास गिळवत नव्हता. श्याम थट्टा करायचा. सहदेवनं एकदा त्याला गप्प बसवलं आणि त्यानंतर थट्टा बंद झाली.

पाळीचं काही कमी होईना, म्हणून दिवाळीनंतर तिला अकोल्याला नेलं. गर्भाशयात गाठ होती. ऑपरेशन करावं लागेल, पण आधी रक्त चढवावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. संध्या खाटेवर पडल्या पडल्या रडली. ऑपरेशनला ती घाबरली नव्हती. द्यायला निघालेली बाई परत घ्यायलाच आली, असं तिला झालं होतं. रक्ताची पिशवी दामिनीच्या पेढीतून आली. त्या दिवशी दामिनी सुटीवर, अमरावतीला आईकडं होती, तरी दुसऱ्या दिवशी भेटायला आली. संध्यानं तिलाही विचारलं, कोणाचं होतं. दामिनी म्हणाली, खरंच माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. मग म्हणाली की रोहितनं सांगितलं, तुमचे मालक काल येऊन रक्त देऊन गेले, ते कोणाला जाईल हे त्यांनीही विचारलं नाही.

सहदेवनं हे तिला सांगितलंच नव्हतं. तो बाहेर व्हरांड्यात संत्री सोलत बसला होता. संध्यानं त्याला आत बोलावलं आणि त्याच्या हातातल्या फोडी घेतल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढं उन्हाळा आला, आचलची परीक्षा झाली आणि स्थळं यायला लागली. पातूरकडचे भगवंतराव आणि त्यांची बायको इंदूबाई मुलासाठी आचलला पाहायला आले. मुलगा चांगला होता, नोकरीला होता. घरची ओलिताची शेती होती. बोलणं रीतीनं चाललं होतं. आचलला पुढं शिकायचं का, असंही त्यांनी विचारलं. अमरावतीला एम.एस्सी. करायची आहे, असं ती म्हणाली, आणि त्यावर ते नको म्हणाले नाहीत. सगळ्यांचं विचारून झालं, तेव्हा खाटेवरून गंगूबाई बोलली.

"मले एकच विचारायचं हाय इंदूबाई. तुमच्या घरात सून केव्हा जेवते?"

भगवंतरावांना प्रश्न कळला नाही. त्यांनी सहदेवकडं पाहिलं. सहदेवनं डोळे खाली घेतले नाहीत. संध्याला वाटलं, झालं, आता ही माणसं उठतात.

इंदूबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. वयानं संध्याएवढीच बाई, चेहरा ओढलेला, ओठ फिके. त्यांनी हातातल्या बांगड्या मागं सारल्या.

"सून अजून नाई जी आमच्या घरी," त्या म्हणाल्या. "मीच हावो. मी सगळ्याईच्या मांगून जेवतो."

"मंग आज आंधी जेवा," गंगूबाई म्हणाली. "बाकीचं मंग पाहू."

स्वयंपाक तयार होता. पाटांची रांग मांडताना गंगूबाईनं इंदूबाईंना हाताला धरून भगवंतरावांच्या बाजूला बसवलं आणि संध्याला इंदूबाईंच्या दुसऱ्या बाजूला. संध्यानं उठायला पाहिलं, तेव्हा म्हातारीनं काठी आडवी धरली. वाढायला श्याम उठला. त्याला वाढण्याची सवय नव्हती. त्यानं वरण भातावर न घालता भाजीवर घातलं, आणि आचल तोंडावर हात ठेवून हसली. इंदूबाईही हसल्या. त्यांनी पहिला घास घेतला, इकडं तिकडं पाहिलं, आणि मग खाली मान घालून, भूक लागलेल्या माणसासारख्या, जेवायला लागल्या.